खोकल्याची हजेरी

सुभेदार तातोबा पिसाळ यांच्यासमोर कुणी खोकू नये. हा सल्ला मला वेळेवर मिळाला नाही. कवठे महांकाळपासून दहाएक किलोमीटरवरच्या त्यांच्या वराहपालन केंद्रावर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा सकाळचे सहा वाजले होते, अंगणात धूळ उडत होती आणि माझ्या तोंडात तंबाखू होती. मला ठसका लागला. शेडच्या दारात एका हातात स्टॉपवॉच आणि दुसऱ्या हातात वही घेऊन उभा असलेला एक उंच, ताठ, मिशीवाला माणूस सावकाश माझ्याकडे वळला.

"ह्यो कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

त्याने वहीत काहीतरी लिहिले. मी नंतर डोकावून पाहिले. त्या तारखेपुढे नोंद होती, 'वराह चौदा, मनुष्य एक.'

मी पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे गाई-म्हशी-शेळ्यांना टोचायला मोटारसायकलवरून जो माणूस येतो, तो. मूळचा रहिमतपूरचा, बदलीने या दुष्काळी मुलखात येऊन पडलो. सगळा तालुका मला डॉक्टर म्हणतो. मी डॉक्टर नाही, पण म्हणणाऱ्याचे तोंड कोण धरणार, आणि खरे सांगायचे तर का धरावे? एकट्या सुभेदारांनी मला कधी डॉक्टर म्हटले नाही. ते 'पर्यवेक्षकसाहेब' म्हणायचे, तेही प्रत्येक अक्षर सुटे करून. एकदा मी सुचवून पाहिले की लोक मला डॉक्टरच म्हणतात.

"लोक मला कर्नल बी म्हनत्यात," ते म्हणाले. "म्हनून मी कर्नल हाय का? रँक म्हंजे रँक."

त्या दिवशी हा माणूस माझ्या मनातून उतरला आणि पुढची तीन वर्षे उतरलेलाच राहिला. पुढचे वाचताना हे ध्यानात असू द्या. मी काही निःपक्षपाती माणूस नाही.

सुभेदारांची नोकरी निम्मीअधिक ईशान्येकडच्या डोंगरात झाली. तिकडे घरटी डुक्कर असते आणि ज्याच्या दारात जास्त डुकरे तो मोठा माणूस, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पाहिले ते पाहिले, ते डोक्यात ठेवून निवृत्तीनंतर गावी घेऊन आले. गावाला वाटले होते सुभेदार द्राक्षबाग लावतील, निदान म्हशी तरी घेतील. त्यांनी पांढरी यॉर्कशायर डुकरे आणली. त्यांच्या भावकीने हळदीकुंकवाला बोलावणे बंद केले. एकुलता एक मुलगा विट्याच्या सासऱ्याबरोबर दक्षिणेत सोने गाळायच्या दुकानात असतो. तो तिकडच्या लोकांना वडिलांची डेअरी आहे असे सांगतो. सुभेदारांना हे कळले, तेव्हा ते म्हणाले, "सांगू दे. नोकरीत आमी बी पोस्टिंग कुठं हाय ते सांगत न्हवतो."

त्यांची हजेरी अशी. सहाला शिट्टी. शिट्टीसरशी साठ-सत्तर डुकरे धडपडत उठायची. डुक्कर उठले की पहिल्या तीन मिनिटांत छातीत असेल नसेल ते खोकून बाहेर काढते, असे सुभेदारांचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे हे कबूल करायला मला आजही आवडत नाही. ती तीन मिनिटे ते डोळे मिटून, डावा कान पुढे करून उभे राहायचे. तेवढ्यात मोटारपंप चालू झालेला चालायचा नाही. मी बूट घासला तरी त्यांची भुवई वर जायची. मग पुन्हा शिट्टी आणि जाहीर निकाल.

"बराक एक, तीन. बराक दोन, शून्य, शाब्बास. बराक तीन, अकरा. डिसिप्लिन कमी हाय."

बराक म्हणजे डुकरांची खोली. डिसिप्लिन कमी हाय, हे त्यांचे निदान. जनावर खोकले तरी हेच, बोअरला पाणी कमी आले तरी हेच आणि माझी मोटारसायकल बंद पडली तरीही हेच.

बाहेर गेले तरी कान घरी ठेवून येत नसत. मिरजेच्या एसटीत बसले की चौथ्या बाकावरचा ओला खोकला कुणाचा ते मागे न बघता सांगायचे. लग्नात, मंगलाष्टके चालू असताना, नवरदेवाचा मामा खोकला. सुभेदार हातातल्या अक्षता तशाच धरून मोठ्याने म्हणाले, "वरचा हाय, छातीतला न्हाई. भटजी, चालू द्या." ग्रामसभेत त्यांच्या शेडविरुद्ध बोलायला उठलेल्या एका सदस्याने घसा खाकरला, तर हे खुर्चीतून म्हणाले, "ह्यो खोकला न्हाई, ह्यो नुसता टाईमपास हाय." सभा हसली आणि विषय पुढच्या महिन्यावर गेला.

खोकल्याचे त्यांनी चार प्रकार केले होते. कोरडा, ओला, भुंकता आणि चोर. चोरखोकला म्हणजे दाबलेला, पदरात नाहीतर रुमालात गिळलेला. "जनावर खोकला चोरत न्हाई, पर्यवेक्षकसाहेब. मानूस चोरतो." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की मी ते ऐकणेच सोडून दिले होते. ते ऐकायला हवे होते.

हजेरी झाली की दुसरा कार्यक्रम. घराच्या मागच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, एक पेटी उपडी घालून सुभेदार बसायचे आणि बुटांना पॉलिश करायचे. अर्धा तास. पायात दिवसभर गमबूट, गावात कुणी बोलावत नाही, आणि हा गृहस्थ काळ्या बुटात तोंड दिसेपर्यंत ब्रश घासतोय. मी एकदा विचारले, "सुभेदार, हे बूट घालणार कधी?"

"घालायला कशाला पायजे?" ते म्हणाले. "तयारीत असावं."

या माणसाची बायको कशी टिकली असेल, हा माझा नेहमीचा प्रश्न. शालनवहिनी बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. सव्वीस वर्षे नवऱ्याची वाट बघण्यात गेली आणि नवरा आला तो डुकरे घेऊन. त्यांनी नाक मुरडले नाही. उलट त्या राज्यात आपल्यालाही काहीतरी खाते असावे म्हणून सारवणाचे काम घेतले. सुभेदारांचा सिद्धांत असा होता की शहाबादी फरशी गार पडते, गार फरशीवर पिल्ले झोपली की छाती भरते. म्हणून फरशीवर शेणामातीचे सारवण. खोकला वाढला की सारवण वाढवायचे. दहाच्या वर आकडा गेला की आठवड्यातून दोनदा. वहिनी पाटी घेऊन त्या खोल्यांत उकिडव्या बसायच्या आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत हात फिरवत यायच्या. डुकरे दोन दिवसांत मुस्कटाने उकरून ठेवायची. वहिनी पुन्हा सारवायच्या. वर चुन्याची रेघ.

त्या जमिनीचे मीही कौतुक केले आहे. माझ्या वरिष्ठांना तिथे नेऊन दाखवली, त्यांनी भेटपुस्तकात 'स्वच्छता उत्तम' असे लिहिले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मूर्ख कोण ठरले याची यादी केली तर माझे नाव त्यात बरेच वर येते.

वहिनींचा खोकला मी ऐकला तो दुसऱ्या वर्षी. सुभेदार बराकीत होते. मी हात धुवायला मागे गेलो, तर वहिनी चुलीपुढे वाकल्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरलेला, आणि सगळे अंग हलत होते. आवाज जवळजवळ नव्हता. मला बघून त्यांनी पदर सोडला, डोळे पुसले आणि चहाचे आधण ठेवले.

"किती दिवस झाले, वहिनी?"

"झालं काय तरी. धूर लागतोय."

"सुभेदारांना सांगितलंत?"

त्या झटकन उठून दाराशी आल्या. "आवं डॉक्टर, तुमच्या पाया पडते, त्यास्नी सांगू नगा. सव्वीस वर्सं सुट्टीवर आले की आठ दिस गप बसून असायचे. ह्या डुकरांत मानूस हसाय लागलाय. माझा खोकला कळला तर दुसऱ्या दिवशी शेड मोडून टाकतील. मग हितं भिंतीकडं बघत बसतील. मला न्हाई बघवनार ते."

"पण दवाखान्यात..."

"जाऊ की कवातरी. तुमी बोलू नगा."

मी शब्द दिला. दिला आणि मोटारसायकलवर बसल्यापासून सुभेदारांवर दात खाऊ लागलो. सात गावचे खोकले मोजणारा माणूस. एसटीतला चौथा बाक ऐकू येतो, मंगलाष्टकात मामा ऐकू येतो, आणि ज्या खिडकीखाली बसून रोज बूट घासतो तिच्या आतली बायको ऐकू येत नाही. असल्या कानांची किंमत काय? मला त्या दिवसापासून त्यांच्याकडे बघवेना. तोंडावर मी काही बोललो नाही. तोंडावर बोलणारा माणूस मी नाही, म्हणून तर लिहितो.

तिसऱ्या पावसाळ्यात बराक तीनचा आकडा वीसच्या वर गेला. पिल्ले वाढेनात, पाठीचे मणके दिसू लागले, चार पावले पळाली की फरशीवर बसून भात्यासारखी धापा टाकायची. गोव्याचा व्यापारी येऊन, लांबूनच बघून परत गेला. गावाला तेवढेच हवे होते. सुभेदाराच्या डुकरांचा रोग उद्या आपल्या गोठ्यात शिरेल अशी बोलवा उठली आणि दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत शेड बंद करायचा ठराव आणायचे पक्के ठरले. आता टाईमपास म्हणून कुणी हसणार नव्हते.

सुभेदारांनी बराकींना गोणपाटाचे पडदे लावले. ओव्याची धुरी दिली. आणि सारवण आठवड्यातून तीनदा केले.

एक पिल्लू मेले. तालुक्याच्या पशुवैद्यक मॅडम आल्या, त्या खऱ्या डॉक्टर, सुभेदारांनी त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. मी नुसता सामान धरून. मॅडमनी पोट उघडले. आतडी वीत-वीत लांबीच्या पांढऱ्या जंतांनी ठासून भरलेली, पातेल्यात शेवया शिजून गच्च व्हाव्यात तशी. काळजावर, म्हणजे यकृतावर, ताकाचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके. फुप्फुसे लाल, सुजलेली.

"छातीचा आजार आहेच," मॅडम म्हणाल्या, "पण दार उघडून दिलंय ते जंतांनी."

सुभेदारांनी हरकत घेतली. "मॅडम, जंत पोटात. खोकला छातीत. हिकडनं तिकडं रस्ता कुठं हाय?"

मॅडमनी समजावून सांगितले. डुक्कर जंताची अंडी गिळते. अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भोसकून बाहेर पडते, काळजातून जाते, तिथे हे पांढरे वण राहतात, मग फुप्फुसात शिरते. तिथून श्वासनळीने वर चढते. जनावर खोकते, अळी घशाशी येते, जनावर ती पुन्हा गिळते. मग ती पोटात जाऊन मोठी होते आणि अंडी घालते.

सुभेदारांनी खाली वाकून ते काळीज पाहिले. "म्हंजे घुसखोरी," ते म्हणाले. "पोटातनं निघायचं, काळीज वलांडायचं, छातीत ठाणं द्यायचं आन गळ्यातनं परत पोटात. वर आमच्याच खोकल्याची गाडी वापरायची." एक जंत काडीने उचलून त्यांनी उन्हात धरला. "दुश्मन हाय, पर मानलं गड्या तुला."

"पण अंडी येतात कुठून?" मॅडमनी विचारले. "फरशी तर एवढी स्वच्छ आहे."

तेव्हा मी, आयुष्यात एकदाच, हुशार झालो. बराक तीनच्या कोपऱ्यात खिशातल्या चाकूने सारवण खरवडले. खाली आणखी एक थर, त्याखाली आणखी एक. तीन वर्षांचे थर भाकरीच्या पापुद्र्यांसारखे सुटून आले. सगळे ओलसर. मॅडमनी तो चुरा पुडीत बांधून नेला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवला. अंडीच अंडी. डुकराच्या विष्ठेतून पडलेली अंडी तशी धुऊन गेली असती. आम्ही त्यांच्यावर दर आठवड्याला मऊ, ओले, उबदार पांघरूण घालत होतो. डुकरे ते उकरत होती, खात होती, खोकत होती, आणि खोकली की आम्ही आणखी एक पांघरूण घालत होतो. अशी चूक आमच्याच लोकांना करता येते. आमचा स्वच्छतेवर फार विश्वास.

हे वहिनींना सांगायचे काम माझ्यावर आले. त्या पाटीत शेण कालवत होत्या.

"वहिनी, सारवण बंद करायचं."

मी कारण सांगितले. त्यांनी शेणाने भरलेले हात तसेच वर धरून ऐकले.

"म्हंजे माझ्याच हातानं जनावरं खोकली म्हना की."

"तुमच्या नव्हे हो. कुणालाच कळलं नाही."

"मी म्हनायची, तेवढंच आपलं काम त्यांच्या कामी पडतंय," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. मोरीवर त्यांना उबळ आली. त्यांनी बादलीत नळ मोठा सोडला. त्या पाण्याच्या आवाजाचा मला राग आला. वहिनींचा नव्हे, मागे बराकीत उभ्या असलेल्या त्या बहिऱ्याचा.

पुढचे दोन महिने सुभेदारांनी लढाई लढली, याबद्दल शंका नाही. सगळे सारवण खरवडून लांब खड्ड्यात पुरले. फरशी उकळत्या पाण्याने धुतली, सांधे सिमेंटने भरले, सबंध कळपाला जंताचे औषध दिले, छातीच्या आजारावरची इंजेक्शने मी दिली. विणाऱ्या माद्यांना आंघोळ घालून मगच धुतलेल्या खोलीत न्यायचे. वहिनींना बराकीत पाऊल टाकायला बंदी. "ही म्हंजे आता पायदळ न्हाई, हेडक्वार्टर," ते म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत.

आकडे उतरू लागले. अकरा. सहा. दोन. दसऱ्यानंतर एका सकाळी शिट्टी झाली, तीन मिनिटे गेली, आणि सत्तर डुकरांतले एकही खोकले नाही. मी श्वास धरून उभा होतो, हे मी कुणाला सांगणार नव्हतो. सुभेदारांनी डोळे उघडले, वहीत लिहिले आणि नेहमीसारखे पॉलिश करायला मागे गेले. शाब्बास म्हणाले नाहीत. मला ते खटकले. हा माणूस जिंकल्यावरही आनंदी होत नाही, मग जिंकतो कशाला?

सलग आठ दिवस शून्य. मॅडमनी दाखला दिला. ग्रामसभेतला ठराव पडल्यात जमा होता. आणि नवव्या दिवशी बातमी आली की सुभेदारांनी सगळा कळप विकला. विणाऱ्या माद्यांसकट, नरांसकट. गोव्याचे दोन ट्रक येऊन भरून गेले.

मी मोटारसायकल काढली. रस्ताभर वाक्ये जुळवत होतो. तीन वर्षांत तोंडावर बोललो नव्हतो, आज बोलणार होतो. शेडची दारे सताड उघडी होती. फरशी धुऊन वाळलेली. सुभेदार खिडकीखालच्या पेटीवर बसले होते, हातात बूट नव्हते.

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी म्हणालो. "खोकत होती तेव्हा सांभाळली आणि शून्यावर आल्यावर विकली? गावाला घाबरलात?"

"हळू बोला," ते म्हणाले. "आत हाय ती. बसा."

त्यांनी वही माझ्या हातात दिली. तीन वर्षे मी ती लांबून बघत होतो, नीट कधी वाचली नव्हती. तारीख, बराक एक, दोन, तीन. आणि उजव्या कडेला, शिवणीला लागून, एक अरुंद रकाना. त्यावर बारीक अक्षरात 'घर'. पहिल्या पानापासून. घर चार. घर सहा. घर नऊ. माझ्या ठसक्याच्या दिवशी, 'वराह चौदा, मनुष्य एक' याच्या शेजारी, घर पाच. गेल्या आठवड्यात तिन्ही बराकींपुढे शून्य, शून्य, शून्य, आणि त्यापुढे घर अकरा. घर बारा. घर अकरा.

मी खिडकीकडे बघितले. मग त्या पेटीकडे. बुटाच्या ब्रशाचा आवाज किती हलका असतो ते माझ्या आत्ता ध्यानात आले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिसापासनं."

"मग बोलला का नाही?"

"ती लपवती ते माझ्यासाठी लपवती. ऐकू येतंय म्हनलो तर तिची एवढी मेहनत वाया जाईल की." त्यांनी खिडकीकडे नजर टाकली. "मला वाटायचं, जनावरांचा खोकला हिला लागतोय. त्यांचा बंद केला की हिचा आपोआप बंद हुईल. म्हनून मोजत हुतो. आठ दिस वाट बघितली, पर्यवेक्षकसाहेब. डुकरं शून्यावर आली. घर काय खाली येईना. मग डुकरंच हिला बाधत असतील तर ती ठेवून करू काय?"

 मला शरम वाटली. तीन वर्षे मी या माणसाला बहिरा म्हणत होतो, मनात का होईना, आणि फार चवीने म्हणत होतो.

"आता मिरजेला दाखवा त्यांना," मी म्हणालो. "छातीच्या डॉक्टरांकडे. उशीर नको."

"न्यायचं हाय. पर कसं म्हनू? मला ठावं न्हाई असं चाललंय न्हवं आमचं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत न बघता बोलले. "तुमी एक करा. ती च्या घेऊन येईल. खोकली, की तुमी म्हना, 'वहिनी, तुमाला खोकला हाय की.' मग मी म्हनीन, 'व्हय? आन मला कसं कळलं न्हाई?' तेवढं करा, डॉक्टर."

"सुभेदार," मी म्हणालो, "मी डॉक्टर नाही."

"म्हाईत हाय. करा तेवढं."

वहिनी चहा घेऊन आल्या. रिकाम्या शेडकडे त्यांनी बघितले नाही. कप माझ्या हातात देताना त्यांचा श्वास अडकला, पदर तोंडाकडे गेला, पण हातात ट्रे होता. दोन उबळी बाहेर पडल्याच.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्हाला खोकला आहे की."

सुभेदार उठून उभे राहिले. टाचा जुळवल्या. "व्हय?" ते परेडवर ओरडावे तसे म्हणाले. "आन मला कसं कळलं न्हाई?"

इतका वाईट नट मी जन्मात पाहिला नाही. वहिनींनी आधी माझ्याकडे बघितले, मग त्यांच्याकडे, मग माझ्या मांडीवर उघड्याच राहिलेल्या वहीकडे. त्यांना अक्षरे येतात. त्यांनी तो कडेचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला.

"आजच लागलाय," त्या म्हणाल्या.

"आजच?"

"व्हय. आजच."

"मग उद्या मिरजेला दावून येऊ," सुभेदार म्हणाले. "नवा हाय तवरच बघितल्यालं बरं."

वहिनींनी मान डोलावली. ट्रे पेटीवर ठेवला, भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या आणि खोकल्या. पदर मांडीवरच होता. तीन वर्षांचा साठलेला, पोटापासून येणारा, मोठ्या आवाजाचा खोकला, थांबायचा, परत यायचा. सुभेदार त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि पाठीवरून हात फिरवू लागले. स्टॉपवॉच त्यांच्या गळ्यातच होते. ते त्यांनी काढून माझ्याकडे दिले, आणि किती वेळा झाले ते कुणीच मोजले नाही.